खोडलंस का मला?

ॲर्डिसचा उजवा पाय आपोआप पुढे सरकला आणि तिनं गाडीच्या तळाची चटई दाबून धरली. तिथे ब्रेक नव्हता. ब्रेक होता वेंडलच्या पायाशी, आणि वेंडलचा पाय काही तिकडे वळायला तयार दिसत नव्हता. समोर चर्च स्ट्रीटच्या कोपऱ्यावरचा दिवा पिवळा झाला होता.

"वेंडल."

"दिसतंय मला."

गाडी थांबली, पण पांढऱ्या पट्ट्याच्या पुढे, नाक कोपऱ्यात खुपसून. तिच्या मांडीवरचा पत्रकांचा खोका पुढे आदळला. खांबावरचा कॅमेरा दोघांकडे बघत होता. वेंडलनं काच खाली केली, मान बाहेर काढली आणि खांबाच्या दिशेनं हॅट उचलली.

"काढ फोटो, काढ. नोव्हेंबरपर्यंत काय ती मजा करून घे."

ॲर्डिस हसली. तिथे हसायचंच असे. मग तिनं खोका सरळ केला आणि पाय मागे घेतला. आपण पाय पुढे केला होता हे त्याला दिसलं नसावं, असं तिला मनापासून वाटलं.

गावातले सगळेच त्या कॅमेऱ्याला काही ना काही करत. कुणी शिवी हासडे, कुणी तोंड वेंगाडे. वेंडल हॅट उचलायचा, कारण तो पडला मास्तर माणूस. हार्लन फोर्कच्या हायस्कूलमध्ये मुलांना गाडी शिकवण्यात त्याची सगळी नोकरी गेली. ओहायोतल्या या एवढ्याशा गावात आज ज्यांच्या हातात स्टिअरिंग आहे, त्यांतल्या निम्म्यांच्या शेजारी तो कधी ना कधी बसलेला होता. शिकवणीच्या गाडीत शेजारच्या सीटपुढेही एक ब्रेक असायचा, मास्तरांसाठी. तो आपल्याला फारसा वापरावा लागला नाही याचा वेंडलला अभिमान होता. "पाय नाही, तोंड वापरायचं," असं तो म्हणे. पोरंही त्या ब्रेकपेक्षा त्याच्या तोंडालाच जास्त घाबरत.

आणि अशा माणसाच्या घरी मार्च महिन्यात पाकीट आलं. वेंडल स्टौफर यांची गाडी लाल दिवा असताना चर्च स्ट्रीटचा कोपरा ओलांडून गेली. सोबत फोटो, आणि कॉम्प्युटरवर व्हिडिओ कुठे बघायला मिळेल त्याचा पत्ता.

"पिवळा होता," वेंडल म्हणाला.

"मग बघ ना एकदा तो व्हिडिओ. सोक्षमोक्ष लागेल."

"ज्या यंत्राला मी मानत नाही, त्याचा सिनेमा कशाला बघू?"

त्यानं दंड भरून टाकला, पण भरताना घरातल्या कपाटांची दारं इतकी आपटली की ॲर्डिसनं काचेची भांडी खालच्या फळीवर आणून ठेवली. मग तो डेल्मरकडे गेला, आणि कॅमेऱ्यांचा प्रश्न गावाच्या मतदानाला घालावा म्हणून दोघांनी मिळून सह्या गोळा करायला सुरुवात केली.

त्याचं म्हणणं खोटं नव्हतं, हीच तर ॲर्डिसची पंचाईत होती. कॅमेरे लावायचं कौन्सिलनं एका बैठकीत आपसात ठरवून टाकलं होतं. गावाला कुणी विचारलंच नव्हतं. दंडातला मोठा वाटा दुसऱ्या राज्यातल्या कुठल्याशा कंपनीकडे जात होता. वेंडलचा ठराव साधा होता: गावानं मत देऊन मंजुरी दिल्याशिवाय गावात कॅमेरा लावायचा नाही, आणि न विचारता लावलेत ते उतरवायचे. यात वावगं काय आहे, असं तो डायनरमध्ये टेबलावर बोट आपटून विचारे, तेव्हा ॲर्डिसलाही वाटे, खरंच काय वावगं आहे?

"पोलीस थांबवतो ना, तेव्हा मी त्याच्या डोळ्यांत बघून बोलू शकतो," तो म्हणायचा. "सांगू शकतो, बाबा रे, बायकोला दवाखान्यात नेतोय. तो ऐकेल, न ऐकेल. पण समोर ऐकणारं माणूस असतं. त्या खांबाशी काय बोलू मी?"

"हॅट उचलतोस की," डेल्मर म्हणायचा.

डेल्मर म्हणजे वेंडलचा बालमित्र, पूर्वी गुरांच्या खाद्याचं दुकान चालवायचा. वेंडलसाठी तो विहिरीत उडी मारेल. फक्त विहीर कुठल्या बाजूला आहे ते त्याला दोनदा सांगावं लागेल. मतपत्रिकेवरचा प्रश्न वकिलांनी लिहून पाठवला तेव्हा सगळ्यांत आधी गडबडला तो डेल्मरच. 'मतदारांनी पूर्वमंजुरी न दिलेल्या वाहतूक कॅमेऱ्यांच्या वापरास मनाई करणारी दुरुस्ती गावच्या सनदेत करण्यात यावी काय?' आणि खाली दोन गोल: हो, नाही.

"म्हणजे बघ," डेल्मर म्हणाला, "मला कॅमेरा नको. म्हणजे 'नाही'."

"नाही रे! 'हो'."

"कॅमेऱ्याला हो?"

"कॅमेऱ्याला नाही. मनाईला हो."

"म्हणजे मी 'नाही'ला 'हो' म्हणायचं."

"शाबास."

"आणि ज्याला कॅमेरा हवाय त्यानं?"

"त्यानं 'नाही'."

डेल्मरनं कॉफीचा एक मोठा घोट घेतला. "हे वकील लोक जेवताना बायकोकडे मीठ कसं मागत असतील रे?"

मग वेंडलनं गॅरेजमध्ये बसून स्वतःच्या हातानं पाट्या रंगवल्या. 'कॅमेरे नकोत? मग हो म्हणा!' 'हो' हे अक्षर लाल, हातभर. सप्टेंबरपर्यंत निम्म्या गावाच्या अंगणांत त्या उभ्या राहिल्या. कितीतरी पाट्या ॲर्डिसनंच हिरवळीत रोवल्या, हातोडी घेऊन. प्रत्येक पाटी रोवताना तिच्या डोळ्यांसमोर तो व्हिडिओ यायचा.

तिनं तो एप्रिलमध्येच बघितला होता. वेंडल गॅरेजमध्ये होता आणि पाकीट फ्रिजवर पडलेलं होतं. तिला वाटलं, पिवळा दिसला तर त्याला हाक मारून दाखवू, बिचाऱ्याचा जीव शांत होईल. दिवा लाल होता. नुकताच झालेला नाही, चांगला लाल, बाजूच्या गाड्या थांबून विसावलेल्या. आणि त्यातून त्यांची ती करडी गाडी संथपणे चालत आली, चुकतंय असं जराही न वाटता. पलीकडच्या फुटपाथवरून पिवळ्या रेनकोटातली एक बाई बाबागाडी रस्त्यावर उतरवत होती. पुढचं चाक खाली आलं होतं. तिनं ती गाडी दोन्ही हातांनी मागे खेचली, इतक्या जोरात की ती स्वतः मागे धडपडली. करडी गाडी तिच्यासमोरून गेली. मग त्या बाईनं गाडीकडे नीट बघितलं, गाडी कुणाची ते तिला कळलं, आणि तिनं हात वर केला. गावात ओळखीच्या माणसाला करतात तसा.

तो वर केलेला हात ॲर्डिसला सगळ्यांत जास्त लागला. ती बाई म्हणजे जोलीन, वेंडलची जुनी विद्यार्थिनी.

ॲर्डिसनं कॉम्प्युटर बंद केला आणि ती बटाटे सोलायला बसली. गरजेपेक्षा कितीतरी जास्त सोलले. त्या दिवशी सांगायचं राहिलं, आणि मग रोजच राहत गेलं. सांगायचं तरी काय? की तू पोराला चिरडणार होतास आणि तुला पत्ताही नाही? ज्या माणसानं गावाला थांबायला शिकवलं, त्याला?

ऑगस्टमध्ये अग्निशमन केंद्राच्या अंगणात दरवर्षीसारखी पॅनकेकची न्याहारी होती. वेंडलनं दाराशीच टेबल मांडलं, सह्यांचे कागद पसरले, आणि सरबत विकणाऱ्या बाईपेक्षा मोठ्या आवाजात लोकांना बोलवायला लागला. जोलीन आली ती बाबागाडी ढकलत. ॲर्डिसनं मान खाली घालून पेनं सरळ करायला घेतली.

"सर, माझी सही राहिलीय."

"जोलीन! डावीकडे वळताना अजून उजवीकडे बघतेस का?"

"दोन्हीकडे बघते हो सर. तुम्ही कानात बसला आहात अजून."

"आणि हे कोण?"

"हा थिओ. तुमच्या हाताखाली शिकला असता, पण शाळेनं ते गाडी शिकवणंच बंद केलं ना."

वेंडल गुडघ्यांवर हात ठेवून वाकला. पोरानं त्याचं बोट पकडलं आणि सोडेचना. वेंडल बराच वेळ तसाच वाकून राहिला, काहीबाही बोलत. जोलीननं सही केली. पेन परत देताना तिची नि ॲर्डिसची नजर एक झाली. जोलीन फक्त हसली, जरा घाईनं, आणि म्हणाली, "सरांना जपा, मिसेस स्टौफर." त्या हसण्यात राग असता तर बरं झालं असतं.

जपत होतेच की सगळे. सप्टेंबरमध्ये बँकेसमोरच्या एकेरी रस्त्यावर वेंडल उलटा शिरला तेव्हा मागे पोलिसांचा दिवा लागला. खिडकीशी आला तो ब्रेंट. त्यालाही वेंडलनंच शिकवलेलं.

"सर, हा रस्ता उलटा आहे."

"रस्ता सरळच आहे, ब्रेंट. पाटी झाडामागे गेलीय. कौन्सिलला सांग फांद्या तोडायला."

ब्रेंटनं वेंडलच्या डोळ्यांत बघितलं. मग पलीकडे ॲर्डिसच्या डोळ्यांत. टोपी मागे सारली, नि दोन्ही बाजूंची वाहनं हातानं थांबवून त्यानं वेंडलला वाट करून दिली.

"बघितलंस?" घरी येताना वेंडल खुशीत होता. "याला म्हणतात माणूस. हेच सांगतोय मी लोकांना."

ॲर्डिस खिडकीबाहेर बघत राहिली. तिला रडू येत होतं, आणि ते दाबताना तिला कळून चुकलं की गावात वेंडलची भीड न धरणारा एकच आहे, तो खांबावर बसलेला आहे, आणि त्याला उतरवायच्या पाट्या आपण रोवतोय.

"किल्ल्या काढून घे त्याच्याकडून, आई," त्यांची मुलगी कॅरिन कोलंबसहून फोनवर म्हणाली. एकेरी रस्त्याचं तेवढं ॲर्डिसनं तिला सांगितलं होतं, व्हिडिओचं नाही. "तू चालवतेस ना चांगली? मग तू चालव. बाबांना शेजारी बसव."

"तुझ्या बाबांना? शेजारी?"

"त्यात काय एवढं?"

"सोपं आहे तुला तिथून बोलायला."

लग्न झाल्यापासून दोघं बरोबर निघाली की गाडी वेंडलनंच चालवायची, हे कुणी न ठरवता ठरलेलं होतं. आता एके दिवशी त्याच्यापुढे हात पसरायचा आणि म्हणायचं, दे किल्ल्या? गॅरेजच्या भिंतीवर त्याच्या मुलांचे फोटो होते, वर्षावर्षाच्या तुकड्या, सगळे त्याच शिकवणीच्या गाडीला टेकून उभे. त्या भिंतीखाली उभं राहून म्हणायचं? ॲर्डिसच्यानं ते झालं नाही. ऑक्टोबर सरला आणि झालं नाही. तिच्या हातात उरला तो मतपत्रिकेवरचा एक गोल. तो कॅमेरा राहिला तर पुन्हा एखादं पाकीट येईल, आणि जे तिच्या तोंडून निघत नव्हतं ते त्या पाकिटातून निघेल. भ्याडपणा होता, तिला माहीत होतं.

त्यात आणखी एक गोष्ट होती. ॲर्डिस आणि वेंडल उभ्या जन्मात एकाच बाजूला मत द्यायला कधी गेली नव्हती. तो एका पक्षाचा, ती दुसऱ्या. कोण कुठल्या, ते सांगून कशाला भांडण लावायचं. दर निवडणुकीला वेंडल सकाळी म्हणायचा, "घरीच बसू या का? नाही तरी एकमेकांची मतं खोडणारच आहोत." तरी दोघं जायची, एकाच गाडीतून. मत देऊन बाहेर आली की गाडीशी उभं राहून तो विचारायचा, "काय, खोडलंस का मला?" ती म्हणायची, "खोडलं." मग दोघं हसायची आणि चर्चच्या बायकांकडची ॲपल पाय घेऊन घरी यायची. तरुणपणी एकदा दोघं कशावरून तरी महिनाभर धड बोलत नव्हती, तेव्हासुद्धा हे विचारणं चुकलं नव्हतं.

"या वेळी खोडाखोडी नाही, ॲर्डी," मतदानाच्या सकाळी वेंडल बुटांच्या नाड्या बांधताना म्हणाला. चेहरा कसा फुललेला. "लग्नानंतर पहिल्यांदा. आजचा फोटो काढून ठेवायला हवा."

"काढेल की तो, कोपऱ्यावरचा," ती म्हणाली, आणि तो एवढा हसला की नाडी सुटली.

चर्चच्या तळघरातल्या सभागृहात मतदान होतं. कॉफीचा आणि ओल्या कोटांचा वास होता. ठराव पास होणार हे शेंबडं पोरही सांगत होतं; कौन्सिलचे लोकसुद्धा वेंडलचा हात हातात घेऊन जात होते. ॲर्डिस पुठ्ठ्याच्या आडोशामागे बसली. तिच्या पलीकडच्या आडोशातून वेंडलचे बूट दिसत होते, नेहमीसारखे चकचकीत पुसलेले. तिनं प्रश्न वाचला. पेन घेतलं. कित्येक महिने गावाला शिकवलेलं 'हो' तिच्या डोळ्यांसमोर लाल, हातभर उभं राहिलं. तिनं 'नाही'चा गोल भरला, कडेबाहेर न जाऊ देता, शाळेतल्या मुलीसारखा. एका मतानं काही होणार नाही हे तिला ठाऊक होतं. पण मत विरोधी पक्षाला देणं वेगळं, आणि नवऱ्याच्या पाठीमागे देणं वेगळं.

बाहेर पायऱ्यांवर डेल्मरनं वेंडलला गाठलं.

"वेंडल, 'हो'च ना? मी 'हो' केलंय."

"'हो'च."

"देवा! शेवटच्या क्षणी वाटलं, उलटं तर नाही ना होत? बाई म्हणाली, दुसरी पत्रिका हवी का? म्हटलं, नको, मला अजून गोंधळात टाकू नका."

"बरोबर केलंस तू. घरी जा, आराम कर. आजच्या दिवसापुरती अक्कल संपली असेल तुझी."

डेल्मर हसत गेला. ॲर्डिसनं ॲपल पाय घेतली आणि दोघं गाडीपाशी आली. पार्किंगमध्ये मेपलची पानं ओली होऊन डांबराला चिकटली होती. वेंडल किल्ल्या काढून उभा राहिला, पण त्यानं दार उघडलं नाही. एका हातानं त्यानं हॅट सारखी केली.

"काय," तो म्हणाला, "खोडलंस का मला?"

सवयीनं विचारत होता. गंमत म्हणून. 'नाही' म्हणायचं, एवढंच होतं. तो हसला असता, गाडी सुरू झाली असती. ॲर्डिसनं पायचा खोका छातीशी धरला. या एका प्रश्नाला तिनं आजवर कधी खोटं उत्तर दिलं नव्हतं.

"खोडलं," ती म्हणाली.

तिला वर बघवेना. खोक्याच्या झाकणाला बांधलेल्या सुतळीकडे ती बघत राहिली.

"नाही खोडलंस," वेंडल म्हणाला. "मीही 'नाही' केलं."

तिनं मान वर केली. तो शांत उभा होता, चेहऱ्यावर धड हसू नव्हतं, धड काही नव्हतं. कॅमेरा नको म्हणून 'नाही'. डेल्मरसुद्धा चुकला नाही आणि हा चुकला. ज्यानं पाट्या रंगवल्या तो. एवढं गेलंय का सगळं याच्या हातून, आणि मी नुसती बघत बसले? सांगायचं नाही, तिनं ठरवलं. निदान हे तरी आयुष्यात कधीच सांगायचं नाही.

"बरं," ती म्हणाली. "चल. ॲपल पाय गार होईल."

वेंडल निघाला, पण आपल्या दाराकडे नाही. गाडीच्या पुढून वळसा घालून तो तिच्या बाजूला आला. ॲर्डिसला वाटलं, आता दारही विसरला. त्यानं तिच्या हातातला खोका काढून घेतला आणि त्या जागी किल्ल्या ठेवल्या.

"वेंडल, अरे, 'नाही' म्हणजे..."

"'नाही' म्हणजे काय ते मला विचारतेस? पाटी मी रंगवलीय, ॲर्डी."

एक गाडी त्यांच्या शेजारून गेली. आतल्या माणसानं वेंडलला हात केला, वेंडलनंही केला. हात खाली घेताना तो जरा थांबला आणि आपल्या त्या हाताकडे बघत राहिला.

"जोलीननं पोराची गाडी मागे ओढली," तो म्हणाला. "पडता पडता वाचली. आणि मग मला हात केला."

ॲर्डिसनं किल्ल्या मुठीत आवळल्या.

"तू गाण्याच्या तालमीला गेली होतीस तेव्हा बघितलं. त्या पॅनकेकच्या न्याहारीनंतर. सही केली गं तिनं. तिनं सही का केली?" त्याचा आवाज चिरकला. "त्या पोरानं माझं बोट धरलं होतं."

"मी एप्रिलमध्येच बघितला."

"ते कळलं मला. तू पाय दाबत बसायचीस ना चटईवर. मी काय आंधळा आहे? म्हणजे, आहेच थोडा."

"मग तेव्हाच बोलायचंस ना."

"तू बोललीस?"

ॲर्डिसनं त्याच्या कोटाची कॉलर सरळ केली, ती वाकडी नव्हती तरी.

"गावाला विचारायलाच हवं होतं. ते मी अजून म्हणतो," वेंडल म्हणाला. "लोक 'हो' म्हणाले तर ते बरोबरच आहे. डेल्मरला काही सांगू नकोस. पण मला विचारलं होतं आज, त्या कागदावर. माझं उत्तर मी दिलं."

त्यानं तिच्या बाजूचं दार उघडलं आणि आत बसायला वाकला. मग अर्ध्यात थांबून म्हणाला, "अशी काय बघतेस? उभा जन्म याच सीटवर बसलोय मी. माझी जागा हीच."

ॲर्डिस पलीकडे जाऊन बसली. सीट तिला लांब होती. ती पुढे ओढायचा खटका सापडायला वेळ लागला. वेंडल खोका मांडीवर घेऊन ताठ बसला होता.

"पट्टा. आरसे, तिन्ही. हात कुठे आहेत तुझे? वर घे. हं. आता मागे बघ, मान वळवून. आरशावर विसंबायचं नाही."

"येतं मला, वेंडल."

"सगळे असंच म्हणतात."

ती पार्किंगमधून बाहेर पडली. डायनरसमोरून, वाचनालयासमोरून. त्याच्या हातच्या पाट्या दोन्ही बाजूंनी मागे जात होत्या. चर्च स्ट्रीटचा कोपरा दिसायला लागला तेव्हा दिवा हिरवा होता, आणि ती जवळ पोचता पोचता पिवळा झाला. निघून जाता आलं असतं, बहुतेक. तिनं ब्रेक दाबला. गाडी पांढऱ्या पट्ट्याच्या अलीकडे येऊन उभी राहिली.

शेजारी चटई घासल्याचा आवाज झाला. ॲर्डिसनं खाली बघितलं. वेंडलचा पुसलेला, चकचकीत उजवा बूट चटईवर रोवलेला होता, सगळा जोर लावून.

"पाय नाही," ती म्हणाली, "तोंड वापरायचं."

वेंडलनं पाय मागे घेतला. खांबाकडे त्यानं बघितलं नाही. समोरच्या पट्ट्यांवरून एक म्हातारा कुत्र्याला घेऊन सावकाश चालला होता, आणि दोघं तो पलीकडे पोचेपर्यंत बघत राहिली.

"ब्रेक जरा उशिरा लावलास," वेंडल म्हणाला.